एक्कावन्न मात्रा

ते तीन ठोके मी काढणार नाही. हे पहिल्याच ओळीत लिहून ठेवते आहे, कारण मला माझा स्वभाव माहीत आहे. लिहिता लिहिता माझा आवाज खाली जातो, समोरच्याचंही बरोबर असेल असं वाटायला लागतं, आणि शेवटी मी "बरं, तुम्ही म्हणाल तसं" म्हणून मोकळी होते. या वेळी तसं होऊ द्यायचं नाही.

जून पुन्हा आला आहे. परवा पुण्याहून आईचा फोन आला तेव्हा ती गॅलरीतल्या दोऱ्या सोडून घरात बांधत होती.

"आता चार महिने कपडे वाळायचे वांधे. तुमच्याकडे काय?"

"आमच्याकडे वाळवण चाललंय."

"कसलं गं? कुरडयांचं?"

"मातीचं."

मग ती म्हणाली, "ऑफिस झालं की सरळ घरी जात जा तू."

आयर्लंडमधल्या गॉलवेपासून पश्चिमेला अर्धा तास गाडी चालवली की झाडं संपतात आणि तपकिरी, ओलसर माळ सुरू होतो. त्या मातीला इथे टर्फ म्हणतात. आमच्या शाळेच्या भूगोलात तिचं नाव पीट होतं आणि तिच्यावर दोन मार्कांचा प्रश्न यायचा. मे महिन्यात यंत्र येऊन ती काळी माती लांब पट्ट्यांत कापून टाकतं. वरून जरा सुकली की तिच्या विटा सुट्या होतात. पुढचं सगळं हातांनी. चार-पाच विटा एकमेकींना टेकवून उभ्या करायच्या, मधून वारा जाईल इतकी जागा ठेवायची, आणि पुढे सरकायचं. वाळल्या की हिवाळाभर चुलीत जळतात. आईला पहिल्यांदा फोटो पाठवला होता तेव्हा तिने एका शब्दात निकाल लावला होता: "गोवऱ्या."

खरंच गोवऱ्या. फक्त वास वेगळा. ओल्या टर्फला जुन्या विहिरीच्या पायऱ्यांचा वास येतो. नखांत शिरलेला काळेपणा तीन दिवस जात नाही. दोन वर्षांपूर्वीच्या जूनमध्ये मी रोज सकाळी कारखान्यात निळे हातमोजे चढवताना आधी नखं लपवायचे. मी हृदयात घालायच्या बारीक नळ्या बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटी इंजिनियर आहे. मापाबाहेर गेलेली गोष्ट पकडणं आणि तिच्यावर अहवाल लिहिणं हे माझं काम. केसाच्या जाडीचा फरक मला चालत नाही. हे आत्ता का सांगते आहे ते पुढे कळेल.

त्या जूनमध्ये मी नोराच्या घरी राहत होते. नोरा माझी घरमालकीण, अठ्ठ्याहत्तर वर्षांची, हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात आयुष्य काढून निवृत्त झालेली, एकटी. पहिल्या आठवड्यात मी तिला "नोरा आंटी" म्हटलं. तिने चष्म्यावरून बघितलं. "मी तुझी आंटी कधीपासून?" त्यानंतर नोरा. इंग्रजीत प्रश्न मिटला. आता मराठीत लिहिताना तिला 'त्या' म्हणावं की 'ती', यावर माझ्या दोन संध्याकाळी गेल्या. 'ती' म्हणते. आईला म्हणतो तसं.

तिची बोटं संधिवाताने वाकली होती. विटा उभ्या करायचं काम डॉक्टरांनी बंद केलं होतं, आणि डॉक्टर माळावर येऊन बघणार नव्हते. मी शनिवारी आणि ऑफिसनंतर तिच्याबरोबर जायला लागले. का गेले, तर ती बोलायला लावत नसे म्हणून. ऑफिसात दुपारच्या जेवणाला माणसं "काय चाललंय?" विचारायची आणि मी "ग्रँड" म्हणायचे. इथे ग्रँड म्हटलं की संभाषण संपतं, फार सोयीचा शब्द आहे. नोराबरोबर तेवढंही लागत नसे. रात्रीचे दहा वाजेपर्यंत ऊन असायचं. दोन वाकलेल्या पाठी, खाली काळी माती, वर लांबच लांब पिवळा उजेड, आणि नोराचं तोंडातल्या तोंडात चाललेलं काहीतरी.

त्या 'काहीतरी'कडे माझं लक्ष जायला चार दिवस लागले. शब्द नव्हते. डीडल-डाय-डम असे बोल, पखवाजाचे बोल म्हणावेत तसे, पण सुरात. इथे त्याला लिल्टिंग म्हणतात. ज्यांच्याकडे वाद्य नसे ते असं तोंडाने वाजवत आणि लोक त्यावर नाचत. मी वीट उभी करता करता डाव्या हाताच्या पेरांवर अंगठा सरकवून मात्रा मोजायला लागले. सवय. सहावीपासून बारावीपर्यंत मी सदाशिव पेठेत देवस्थळी बाईंकडे व्हायोलिन शिकले. बाई हार्मोनियमच्या पेटीवर पेन्सिल आपटून ताल द्यायच्या. पहिली मात्रा म्हणजे सम. कितीही फिरा, तिथे येऊन पडायचं. "सम सुटली की सगळं सुटलं," बाई म्हणायच्या आणि पेन्सिल आपटायच्या.

"तुझा अंगठा काय करतोय?" नोराने विचारलं.

"मोजतोय."

"काय?"

"तू गातेयस ते."

ती थांबली. कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "वाजवतेस तू?"

दोन वर्षांत हा प्रश्न मला आयर्लंडमध्ये कुणी विचारला नव्हता. मी पुण्याहून व्हायोलिन आणलंही नव्हतं. मी मान हलवली, आपण हलवतो तशी, म्हणजे तिला हो की नाही ते कळलं नाही. घरी आल्यावर तिने स्वयंपाकघरातलं प्रेस उघडलं, इथे कपाटाला प्रेस म्हणतात, आणि गरम पाण्याच्या टाकीशेजारून, टॉवेलांच्या मागून, एक काळी पेटी काढली. आत फिडल होती, म्हणजे आपलं व्हायोलिनच.

मी सतरंजी शोधली. नव्हती, म्हणून चुलीपुढच्या गालिच्यावर मांडी घातली, फिडलचं डोकं पायाच्या घोट्यावर टेकवलं आणि दुसरं टोक छातीशी धरलं. आम्ही तसंच वाजवतो. नोरा बघत राहिली.

"हे वाजवणार आहेस की ह्याचं दूध काढणार आहेस?"

मी इतकी हसले की गज हातातून पडला. मग ती मला खुर्चीत बसवून हनुवटीखाली फिडल धरायला शिकवू लागली, आणि मी मान दुखेपर्यंत शिकले.

सुरुवात करण्यापूर्वी मी बाईंचं नाव घेतलं आणि कानाच्या पाळीला हात लावला. गुरूचं नाव घेताना लावतात. नोराने विचारलं, "कान दुखतो का?" मी समजावलं. नंतर, ही धून कुणाची असं मी विचारलं तेव्हा, "डॅडीची," म्हणून तिने आपल्या वाकड्या बोटाने कान चाचपला, आधी माझी थट्टा करत, मग थट्टा विसरून.

या धुनेला नाव नव्हतं. नंतर मला कळलं की या धुनेच्या बहिणी गावोगाव आहेत आणि प्रत्येकीला नाव आहे. एका गावात 'सायकलवरच्या दोन कोंबड्या', शेजारच्या परगण्यात 'विधवेची छत्री'. किलकेनीकडची एक नर्स इथे कधीमधी वाजवायला येते, तिच्याकडे दुसरा भाग आधी येतो आणि पहिला नंतर, आणि तिला आपलंच बरोबर वाटतं. कुणा स्थलांतरिताबरोबर एक आवृत्ती अमेरिकेला गेली आणि तिथून दुप्पट वेगाने परत आली. ऐकताना सगळ्या बहिणी ओळखू येतात. नाक सारखं, चाल वेगळी. नोराच्या घरची मात्र एका खुणेने सगळ्यांहून वेगळी होती.

ती खूण मी पहिल्याच दिवशी पुसून टाकली होती.

झालं असं. नोराने फोनवर रेकॉर्ड करू दिलं नाही. "फोन ठेव. कानाने घे, नाहीतर घेऊ नकोस." म्हणून मी माझ्या खोलीत जाऊन वहीत लिहिलं, बाईंनी शिकवलं तसं, सारेगमच्या अक्षरांत, खाली मात्रांच्या खुणा. जिग नावाच्या या नाचाची चाल आपल्या दादऱ्यासारखी असते, सहा मात्रांची. एका भागात आठ आवर्तनं, म्हणजे अठ्ठेचाळीस मात्रा. मग तोच भाग पुन्हा. मी मोजलं तर एक्कावन्न आल्या. पुन्हा मोजलं. एक्कावन्न. शेवटच्या ओळीत तीन मात्रा जादा होत्या, एक सूर नुसताच लांबलेला, आणि त्या तीन मात्रांमुळे पुढची सम भलत्याच जागी पडत होती. म्हातारी बाई, वाकून काम करतेय, धाप लागली असेल. मी त्या तीन मात्रांवर काट मारली आणि ओळ नीट केली. मापाबाहेर गेलेली गोष्ट पकडणं हे माझं काम आहे, म्हटलं ना.

दुसऱ्या दिवशी चहानंतर वाजवून दाखवलं. नोरा डोळे मिटून ऐकत होती.

"ग्रँड," ती म्हणाली. "पण डॅडीला बाहेर ठेवलंस."

"म्हणजे?"

तिने तोंडाने ती ओळ म्हटली आणि लांबलेल्या सुरावर टेबलावर तीन बोटं ठोकली. टक, टक, टक. "हे डॅडी."

"पण तिथे ताल चुकतो," मी म्हणाले.

"कोणाचा?"

मी फिडल पुन्हा हनुवटीखाली घेतली.

मग मी वाजवलं, तिला हवं तसं, मनात बाईंची पेन्सिल आपटत असताना. पहिल्यांदा भाग संपला आणि सम अर्धं आवर्तन मागे पडली, पाय उलटा. चुकीच्या पायात बूट घातल्यासारखं वाटलं. पण भाग दोनदा वाजवायचा असतो. मी तसाच पुढे रेटला. पुन्हा ती ओळ, पुन्हा तीन ठोके, आणि पाय आपोआप सुलटा झाला. सम जिथे पडायची तिथे बरोब्बर पडली. एक्कावन्न दुणे एकशे दोन. सहाने भाग जातो, सतरा आवर्तनं. मी गज उचलून हसत बसले.

"काय झालं?"

"दुसऱ्यांदा बरोबर येते!"

"मग? येणारच. आम्ही काय वेडे होतो, अ-ग्रा?" अ-ग्रा म्हणजे इथल्या जुन्या भाषेतलं बाळा.

ते तीन ठोके कुठून आले, याबद्दल नोराने त्या जूनमध्ये मला तीन गोष्टी सांगितल्या. एका शनिवारी म्हणाली, त्यांच्या जुन्या स्वयंपाकघरात मधोमध दगडी खांब होता, नाचणाऱ्या जोड्यांना त्याला वळसा घालायला वेळ लागे, म्हणून डॅडी थांबत. पुढच्या आठवड्यात म्हणाली, घोडीने लाथ मारली होती, खांदा धरायचा, फिडल सावरायला तेवढा वेळ लागे. आणि शेवटी, हंगाम संपता संपता, सगळ्या विटा उभ्या करून झाल्यावर थर्मासमधला चहा पिताना म्हणाली, की ही धून डॅडींनी एका फिरत्या बाईकडून घेतली. तिच्याकडे वाद्य नव्हतं, तोंडानेच म्हणायची. त्या जागी ती श्वास घ्यायची. डॅडींनी धुनेबरोबर तिचा श्वासही घेतला.

"यातलं खरं कुठलं?"

"सगळंच."

मी या तिसरीवर विश्वास ठेवते. पुरावा काही नाही. पण नोरा ती ओळ म्हणायची तेव्हा बरोबर त्या जागी तिचा स्वेटर छातीशी वर यायचा, हे मी महिनाभर पाहिलं आहे. मी बोलत नाही, पण बघते.

वहीतलं ते पान अजून आहे. पेन्सिलीने लिहिलेल्या मात्रा, शेवटच्या तिघींवर काट, आणि त्या काटेवर लाल पेनाने पुन्हा उभ्या केलेल्या तीन रेघा. शेजारी मराठीत लिहिलं आहे: 'डॅडी'.

गावात दर बुधवारी संध्याकाळी हॉलमध्ये सेशन असतं. खुर्च्या गोल मांडतात, ज्याला जे येतं ते तो सुरू करतो, बाकीचे मागून येतात. नोरा तिथे कधीच गेली नव्हती. त्यांच्या घरी बायका स्वयंपाकघरात वाजवत आणि पुरुष बाहेर. पुढे काळ बदलला तरी ती बाहेर पडली नाही. सेशनचे प्रमुख फर्गल, गावच्या शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. सगळे त्यांना 'मास्टर'च म्हणतात, त्यांच्याहून मोठी माणसंसुद्धा. वीस वर्षांपूर्वी ते वही घेऊन नोराच्या घरी आले होते, तिच्या वडिलांच्या धुना कुणाला आठवतात का विचारायला.

"मग तू काय सांगितलंस?"

"चहा दिला. ब्राऊन ब्रेड दिला. त्याने विचारलं, तुझ्या भावांना काही येत होतं का? मी म्हटलं, नाही. खरंच येत नव्हतं." नोराने कप विसळला. "मला येतं का, हे त्याने विचारलंच नाही."

"मग आपण होऊन सांगायचं ना!"

"तू सांगितलं होतंस का मला?"

मला या बाबतीत उपदेश करायचा काही अधिकार नव्हता.

या फेब्रुवारीत नोरा गेली. दहा दिवस हॉस्पिटलमध्ये होती. शेवटच्या रविवारी मी तिच्या हाताला क्रीम लावत होते तेव्हा ती म्हणाली, "ती धून दे कुणाला द्यायची तर. मास्टरला दे. पण सगळी दे." मी "हो" म्हणाले. मोठ्याने. नुसती मान हलवली नाही.

म्हणून मार्चमध्ये मी त्या हॉलमध्ये गेले. दाराजवळची खुर्ची घेतली. तीन बुधवार नुसती बसले. चौथ्या बुधवारी नोराची फिडल काढली, आता ती माझ्याकडे आहे, आणि वाजवायला लागले. पहिला भाग संपला, तीन ठोके पडले, आणि मास्टरांनी हात वर केला. शाळेत करतात तसा, तळवा समोर. माझा गज थांबला. मी इंग्रजी शाळेत बारा वर्षं काढली आहेत. मुख्याध्यापकांचा हात वर गेला की माझं सगळंच थांबतं.

"सुंदर," ते म्हणाले. ते वाईट माणूस नाहीत, हे सांगायला हवं. पाऊस असला की वळसा घालून मला घरी सोडतात. "पण शेवटी थोडं वाढलं, नाही का?"

"ते तसंच आहे."

"हं. ते तुझ्यातलं इंडिया आहे." त्यांनी आजूबाजूला बघितलं, सगळे प्रेमाने हसले. "मला आवडलं हं. फार आवडलं."

मला माझं कौतुक कधी सहन होत नाही, पण हे कौतुक वेगळंच होतं. माझ्या देशाचं नाव घेऊन ते नोराच्या हातातून तिची वस्तू काढून घेत होते, आणि मी थँक यू म्हणावं अशी अपेक्षा होती. मी म्हणालेही. घरी येईपर्यंत गाडीत मी स्वतःला शिव्या घालत होते. मजा म्हणजे खरी गोष्ट नेमकी उलटी होती. माझ्यातल्या इंडियाने ते तीन ठोके कापले होते. देवस्थळी बाईंच्या पेन्सिलीने कापले होते. ते परत घातले ते इथल्या, याच गावातल्या, कधी हॉलची पायरी न चढलेल्या म्हातारीने.

एप्रिलमध्ये मी आणखी दोन बुधवारी तीच धून सुरू केली आणि दोन्ही वेळा पहिल्या तीन ठोक्यांवरच त्यांचा हात वर गेला. मास्टर परगण्यातल्या धुनांचं पुस्तक छापणार आहेत. जुलैत छापखान्यात जाईल. मेमध्ये त्यांनी मला घरी बोलावलं आणि कागद दाखवला. धून स्वच्छ अक्षरात लिहिली होती, अठ्ठेचाळीस मात्रांत, पुढचा भाग बहिणींकडून घेऊन, त्यांच्यासारखीच नीट भांग पाडून बसवलेली. खाली माझं नाव: 'अनघा, भारत, हिच्याकडून'. नोराचं नाव नव्हतं.

"नोराकडून आहे ही," मी म्हणाले. "तिच्या वडिलांची. आणि तीन मात्रा राहिल्या आहेत."

"नोरा, देव तिला शांती देवो, बाहेर कधी वाजवत नसे. आपल्याला ठाऊक नाही ती कसं वाजवायची. तुझी बोटं तुझ्याही नकळत काही घालत असतील, पोरी. सगळ्यांचंच होतं."

मी पिशवीतून वही काढली आणि ते पान त्यांच्यापुढे ठेवलं. पेन्सिल, काट, लाल रेघा. त्यांनी चष्मा लावून नीट पाहिलं. "मला हे वाचता येत नाही," ते म्हणाले, जरा हसून.

"हो ना," मी म्हणाले. "आणि मला दोन्ही येतात."

माझ्या तोंडून ते कसं निघालं कोण जाणे. त्यांचं हसू तिथेच राहिलं. मग मी तशीच पुढे बोलले, की छापायची तर एक्कावन्न मात्रा आणि नोराचं नाव, नाहीतर छापू नका.

"धून अडवून ठेवायला ती तुझी नाही, अनघा."

"सरळ करायला ती तुमचीही नाही."

त्यांनी कागद उचलून फाईलमध्ये ठेवला. आम्ही चहा न पिताच उठलो. आयर्लंडमध्ये याहून मोठं भांडण होत नाही.

आईला सांगितलं तर तिने डोक्याला हात लावला. "अगं, परक्या देशात म्हाताऱ्या माणसांशी वाद कसला घालतेस? तीन ठोक्यांवरून?"

"आई, आपल्याकडे भोंडल्याला कोल्हापूरची मामी आणि तू भांडत नव्हत्यात का, कुठली ओळ आधी म्हणून?"

"ते वेगळं."

"कसं वेगळं?"

"मामी चूक होती."

गेल्या गणपतीत इथल्या टॅला नावाच्या उपनगरातल्या हॉलमध्ये मी पाहिलेली एक गोष्ट मला हल्ली सारखी आठवते. आयटीतली आम्ही सगळी पुण्या-मुंबईची मंडळी मोबाइलवर बघून झपाट्याने आरती म्हणत होतो, गाडी पार्किंगची वेळ संपत आल्यासारखी. मुलाकडे महिनाभर आलेल्या सावंतवाडीच्या एक काकू पुढे उभ्या होत्या. एका ओळीला त्यांनी सूर धरला तो धरलाच. सगळे टाळ हवेत. मागून कुणीतरी म्हणालं, "काकू, जरा फास्ट!" काकूंनी ओळ पुरी केली, मग वळून म्हणाल्या, "तुमची गाडी चुकतली काय रे? आमच्याकडे अशीच म्हणतत." आणि पुढची ओळही तशीच. शेवटी पन्नास माणसं त्यांच्या श्वासाबरोबर थांबायला लागली. त्यांना कुणी मोबाइल दाखवला नाही. मी मात्र तेव्हाही मागे भिंतीला टेकून उभी होते आणि मनात म्हणत होते, असं उभं राहायला काय लागतं?

आता वाटतं, फार काही लागत नाही. पाठीमागे कुणीतरी लागतं.

या वर्षी टर्फ कापून झालं तेव्हा नोराच्या भाच्याने विचारलं, येशील का? मी गेले. एकटीच एक ओळ धरून वाकत राहिले. तोंडातून डीडल-डाय कधी सुरू झालं कळलं नाही. धुनेतल्या त्या ओळीपाशी आले आणि श्वास घेतला. मुद्दाम नाही, वाकून काम करताना लागतोच. तीन मात्रांचा. मी वीट हातात धरून तशीच उभी राहिले. कुणाचा श्वास होता तो? वाद्य नसलेल्या त्या बाईचा, डॅडीचा, नोराचा? माझ्या छातीतून निघाला एवढं खरं.

काल बुधवार होता. नखं न घासता हॉलमध्ये गेले. दाराजवळची खुर्ची रिकामी होती. मी पुढे जाऊन आतल्या रिंगणात, मास्टरांच्या समोरच्या खुर्चीत बसले. मे महिन्यानंतर आम्ही बोललो नव्हतो. साडेआठ वाजले होते आणि पश्चिमेच्या खिडक्यांतून ऊन थेट सगळ्यांच्या गुडघ्यांवर पडलं होतं. एक धून संपली, माणसं ग्लास उचलत होती. मी फिडल हनुवटीखाली घेतली.

शेजारच्या अकॉर्डियनवाल्याने, इथली पद्धत आहे म्हणून, विचारलं, "ही कुणाकडून घेतलीस?"

मी गज डाव्या हातात घेतला आणि उजव्या हाताने कानाची पाळी धरली.

"नोराकडून," मी म्हणाले. आवाज हॉलभर गेला. मलाच दचकायला झालं. "नोराने तिच्या वडिलांकडून. त्यांनी एका बाईकडून, तिचं नाव कुणी विचारलं नाही."

आणि सुरू केली. आठ-दहा वाद्यं हळूहळू मागून आली. धून ओळखीची होती, बहीण होती ना. शेवटच्या ओळीला मी सूर लांबवला, पाय आपटला, टक, टक, टक, आणि सगळे पुढे निघून गेले, अडखळले, दोघंतिघं हसले. बासरी थांबली. समोर मास्टरांचा हात वर गेला, तळवा माझ्याकडे.

मी त्या हाताकडे बघत वाजवत राहिले. डोळे मिटले असते तर सोपं गेलं असतं, मिटले नाहीत. पाय उलटा पडत होता, सगळ्या हॉलचा, आणि मी एकटी त्या उलट्या पायावरून चालत होते. अकॉर्डियन हळूच परत आलं. किलकेनीची नर्स ओठ हलवत मोजत होती. मग ती ओळ पुन्हा आली. मी श्वास घेतला. टक, टक, टक. आणि सम पडली, एकशे दोनावी मात्रा संपून, जिथे पडायची तिथे. मला ती लाकडी फरशीतून कळली, कारण त्या क्षणी पाच-सहा बूट माझ्याबरोबर खाली आले, आणि त्यातला एक मास्टरांचा होता. त्यांचा हात अजून वर होता. बुटाने आधी ऐकलं होतं.

मी तिथेच थांबले. दुसरा भाग वाजवला नाही. मास्टरांनी हात खाली घेतला, गुडघ्यावर ठेवला, थोडा वेळ त्या हाताकडे बघितलं. इतक्या महिन्यांत त्यांनी मला प्रत्येक वेळी पहिल्या फेरीलाच थांबवलं होतं. पुढे काय होतं ते त्यांनी ऐकलंच नव्हतं. मग त्यांनी खिशातून पेन्सिल काढली आणि मांडीवरची वही उघडली.

"पुन्हा एकदा," ते म्हणाले.

मी फिडल उचलली.

"एकदा नाही," मी म्हणाले. "दोनदा."